आकाशातल्या फटाक्यांना रंग कुणामुळे मिळाले? क्लोद लुई बर्तोलेची गोष्ट

दिवाळीत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्काय शॉटचा व्हिडिओ स्लो मोशनमध्ये काढला असेल. या वेळी तो जरा नीट बघा. आधी खालची दारू पेटते आणि गोळा वर फेकला जातो. तो वर जात असताना आतली वात जळत असते. गोळा वर पोहोचला की मधली दारू फुटते. हिला बर्स्ट चार्ज म्हणतात. तिच्या धक्क्याने कवच फाटतं आणि आत रचलेल्या छोट्या छोट्या गोळ्या पेटून चारी बाजूंना उडतात. या गोळ्यांना ‘तारे’ म्हणतात. आपल्याला दिसणारं फूल म्हणजे हे जळणारे तारे.

फुलाचा आकार मधला स्फोट ठरवतो. धक्का कमी पडला तर फूल लहान राहतं आणि लगेच खाली झुकतं. धक्का जास्त झाला तर तारे नीट पेटतच नाहीत, नुसता धूर दिसतो. कवच सगळीकडून सारखं फाटलं तरच फूल गोल येतं. रंग मात्र ताऱ्यांमधल्या रसायनांचा असतो. आणि या रंगांची वाट ज्याच्या शोधामुळे मोकळी झाली, त्याने स्वतः कधी फटाक्यांचा धंदा केला नाही. त्याचं नाव क्लोद लुई बर्तोले.

डॉक्टर झाला, रमला रसायनात

बर्तोलेचा जन्म ९ डिसेंबर १७४८ रोजी सव्हॉय प्रांतातल्या तालुआर गावात झाला. हा भाग आज फ्रान्समध्ये आहे. त्याने तुरीनला वैद्यकीचं शिक्षण घेऊन १७६८ मध्ये पदवी मिळवली आणि १७७२ मध्ये पॅरिस गाठलं. तिथे रसायनशास्त्राची गोडी लागली ती कायमची. १७८० मध्ये तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवडला गेला.

१७८४ मध्ये त्याला गोब्लाँ या सरकारी कारखान्यात कापड रंगवण्याच्या कामावर देखरेखीची जबाबदारी मिळाली. तेव्हा कापड पांढरं करायचं म्हणजे ते आठवडेच्या आठवडे उन्हात पसरून ठेवायचं. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन वायू शोधला होता. तो रंग घालवतो हेही माहीत होतं. बर्तोलेने त्यातून कापड पांढरं करायची पद्धत बसवली. घरी कपड्यांसाठी वापरतो त्या ब्लीचचं मूळ हेच.

मला आवडतं ते पुढचं. ही पद्धत त्याने लपवून ठेवली नाही. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट पॅरिसला आला तेव्हा त्यालाही ती दाखवली, आणि तिथून ती ब्रिटनमध्ये गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर बर्तोलेने आपला कोड ओपन सोर्स करून टाकला.

एक पांढरं मीठ

क्लोरीनवर प्रयोग करतानाच, १७८६-८७ च्या सुमारास, त्याच्या हाती एक पांढरं स्फटिकासारखं मीठ लागलं: पोटॅशियम क्लोरेट. जुन्या बंदुकीच्या दारूत कोळसा, गंधक आणि सोरा असतो. यात सोऱ्याचं काम ऑक्सिजन पुरवायचं. क्लोरेट तेच काम करतं, पण ऑक्सिजन फार सहज सोडतं. त्यामुळे जळणं वेगाने होतं आणि ज्योत जास्त तापते.

फटाक्यांसाठी ही मोठी गोष्ट होती. त्याआधी दारूकामात मुख्यतः सोनेरी, नारिंगी आणि पांढरट छटाच मिळायच्या. लोखंडाचा कीस आणि कोळशाचे जळते कण हाच त्यांचा आधार. खरा लाल, खरा हिरवा हवा असेल तर ज्योत पुरेशी गरम पाहिजे आणि तिथे क्लोरीनही पाहिजे. क्लोरेटमधून दोन्ही मिळतं. स्ट्रॉन्शियम आणि क्लोरीन मिळून लाल, बेरियम आणि क्लोरीन मिळून हिरवा, तांबं आणि क्लोरीन मिळून निळा प्रकाश देतात. निळा सगळ्यात अवघड, कारण ज्योत थोडी जास्त तापली तरी तांब्याचं ते संयुग तुटतं आणि रंग फिका पडतो. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या दारूकामात हे रंग खऱ्या अर्थाने आले.

२७ ऑक्टोबर १७८८

पण क्लोरेटची पहिली मोठी परीक्षा रंगांसाठी झाली नाही. ती युद्धासाठी होती. सोऱ्याऐवजी क्लोरेट घालून जास्त जोरदार दारू करता येईल, असा विचार होता. पॅरिसच्या दक्षिणेला एसोन इथल्या दारूच्या कारखान्यात चाचणी ठरली. बर्तोले होता. दारू खात्याचं काम बघणारा प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता, त्याची पत्नीही होती.

मिश्रण कुटायचं काम सुरू होतं. मंडळी थोडा वेळ दुसरीकडे गेली आणि तेवढ्यात स्फोट झाला. कारखान्याचा एक अधिकारी आणि पाहायला आलेली एक तरुणी, दोघं मृत्युमुखी पडले. बर्तोले आणि लाव्हाझिए वाचले ते काही मिनिटांच्या फरकाने.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही डेमो करतो. फसला तर लाज वाटते, रात्री जागून दुरुस्त करतो, सकाळी पुन्हा चालवतो. इथे दुसरी संधी नव्हती. आणि चाचणी करणारे लोक त्या काळातले जगातले सर्वांत हुशार रसायनशास्त्रज्ञ होते. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की नुसत्या घासण्याने, ठोक्याने पेट घेऊ शकतात. तिथे हुशारी कामी येत नाही.

इजिप्तचे तलाव आणि उलटा बाण

१७९४ मध्ये क्रांतीच्या धुमाळीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. बर्तोले टिकला. १७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. तिथल्या खाऱ्या तलावांच्या काठी त्याला सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत जी अभिक्रिया एका दिशेने जाते, ती इथे उलट दिशेने चालली होती, कारण मीठ आणि चुनखडी भरपूर होती आणि ऊनही कडक. कशाचं प्रमाण किती आहे यावर अभिक्रियेची दिशा ठरते, हे त्याने १८०३ च्या ग्रंथात मांडलं. अकरावी-बारावीत रासायनिक समतोल शिकताना दोन्हीकडे जाणारा बाण काढला होता ना? त्याची सुरुवात इथे आहे.

एका वादात मात्र तो हरला. संयुगातलं घटकांचं प्रमाण बदलू शकतं, असं त्याचं म्हणणं होतं. प्रूस्त म्हणाला, प्रमाण ठरलेलंच असतं. बहुतेक संयुगांबाबत प्रूस्त बरोबर ठरला. पण २०व्या शतकात प्रमाण बदलणारे घन पदार्थही सापडले आणि त्यांना बर्तोलेच्या नावावरून बर्थोलाइड म्हटलं गेलं. अनेक मोबाईलच्या बॅटरीत असलेलं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड बघा: चार्जिंग करताना त्यातलं लिथियम कमी होत जातं, डिस्चार्ज होताना परत भरतं. प्रमाण सतत बदलतंय.

शेवटची वर्षं त्याने पॅरिसजवळच्या आर्कय गावात काढली. घरी प्रयोगशाळा होती, गे-ल्युसाकसारखे तरुण तिथे घडले. त्याच काळात त्याचा मुलगा अमेदे अकाली गेला. ६ नोव्हेंबर १८२२ रोजी बर्तोलेने तिथेच शेवटचा श्वास घेतला.

तुमच्यासाठी एवढंच

भारतात क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेली स्फोटकं बनवायला आणि बाळगायला १९९२ पासून बंदी आहे. आज रंगीत ताऱ्यांसाठी साधारणपणे त्याहून स्थिर असलेलं पोटॅशियम परक्लोरेट वापरतात, तेही परवाना असलेल्या कारखान्यात. ‘घरच्या घरी स्काय शॉट’ असा व्हिडिओ समोर आला तर एसोनमधली ती दोन माणसं आठवा आणि पुढे स्क्रोल करा. रंग बघायचेच असतील तर मोबाईलचा स्लो मोशन आहेच. निळा तारा सापडला की थांबवून बघा, तो किती कमी वेळ टिकतो ते कळेल.