मधमाश्यांचे पाद्रीसाहेब

मोहोळ काढताना तुम्ही पाहिलेच असेल. धूर करायचा, पोळे कापायचे, पिळायचे. मध मिळतो, पण माश्यांचे घर मोडते, पिल्लेही चिरडतात. पूर्वी अमेरिकेत तर माश्या पाळणारे लोकच गंधकाचा धूर देऊन सगळ्या माश्या मारीत आणि मग मध काढीत. यावर उपाय शोधला रेव्हरंड लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १८१० रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. लहानपणी मुंग्या बघत ते गुडघ्यांवर इतके बसत की कपडे फाटायचे अन् घरी बोलणी खावी लागायची! १८३१ साली येल कॉलेजातून ते पदवीधर झाले व पुढे धर्मोपदेशक बनले. १८३८ मध्ये एका मित्राकडे काचेच्या भांड्यात मधाचे पोळे पाहिले आणि माश्यांचे वेडच लागले.

माश्या पेटीत पोळे बांधत, पण ते भिंतींना चिकटवून टाकत. कापल्याशिवाय निघतच नसे. लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले की फट फार बारीक असली तर माश्या ती डिंकासारख्या चिकट पदार्थाने बुजवतात, मोठी असली तर तिथे पोळे बांधतात. पण साधारण तीन सूत फट ठेवली, तर ती ये-जा करायला मोकळी सोडतात. तीन सूत म्हणजे केवढे, ते सुतारकाका पट्टीवर दाखवतील. १८५१ साली त्यांनी लाकडी चौकटींच्या चहूबाजूंनी एवढीच जागा ठेवायचे ठरवले. झाले! चौकट अलगद उचलावी, मध काढावा, पुन्हा ठेवून द्यावी. आपली सातेरी माशी लहान, म्हणून तिची पेटीही लहान असते. पण महाबळेश्वरकडच्या मधपेट्यांतही चौकटी अशाच उचलता येतात.

५ ऑक्टोबर १८५२ रोजी त्यांना पेटंट मिळाले. १८५३ मध्ये पुस्तक निघाले. त्याची हस्तप्रत तयार करायला त्यांच्या पत्नीने फार मदत केली. पण पेटी सोपी, कोणीही बनवावी! लोकांनी सर्रास नक्कल केली. कोर्टकचेऱ्या करूनही हाती फारसे लागले नाही. त्यात मनाचा आजार. तो उलटला की महिनोन् महिने काम बंद, तेव्हा माश्यांचे नावही नको वाटे. बरे वाटले की पुन्हा पेट्यांपाशी हजर. १८७० मध्ये मुलगा वारला, १८७३ मध्ये पत्नी गेली.

६ ऑक्टोबर १८९५ रोजी डेटन गावच्या चर्चमध्ये ते प्रवचनाला उभे राहिले. वय ८४. प्रवचन सुरू होते न होते तोच त्यांनी प्राण सोडला.