एन्रिको सेर्तोली

एन्रिको सेर्तोली (६ जून १८४२ – २८ जानेवारी १९१०) हे इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ व ऊतिशास्त्रज्ञ होते. वृषणातील शुक्रजनक नलिकांमध्ये असणाऱ्या, शुक्राणूंच्या घडणीस आधार व पोषण देणाऱ्या पेशींचा शोध त्यांनी लावला. या पेशी ‘सेर्तोली पेशी’ (सर्टोली पेशी असेही लिप्यंतर आढळते) म्हणून ओळखल्या जातात. बारावीच्या जीवशास्त्रात हे नाव विद्यार्थ्यांना भेटते. ते एका नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाचे आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

जीवन

सेर्तोली यांचा जन्म उत्तर इटलीतील सोंद्रिओ येथे झाला. त्या वेळी लोंबार्दी प्रांतावर ऑस्ट्रियाची सत्ता होती. पाव्हिया विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले व १८६५ मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी कामिल्लो गोल्जी हेही तेथूनच पदवीधर झाले. पुढील अभ्यासासाठी सेर्तोली व्हिएन्नास अर्न्स्ट ब्र्यूके यांच्याकडे गेले. परंतु १८६६ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा ते मायदेशी परतले आणि ज्या देशात शिकत होते त्याच्याच विरुद्ध युद्धात उतरले. १८६७ मध्ये त्यांनी जर्मनीतील ट्युबिंगेन येथे होप्पे-झायलर यांच्या हाताखाली शरीरक्रिया-रसायनाचे काम केले. १८७० मध्ये मिलान येथील पशुवैद्यक विद्यालयात त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. उर्वरित अध्यापनकाल त्यांनी तेथेच व्यतीत केला. सोंद्रिओ येथेच त्यांचे निधन झाले.

संशोधन

१८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सेर्तोली यांनी मानवी वृषणाच्या नलिकांतील फांद्या फुटलेल्या पेशींचे वर्णन केले. नलिकेच्या भिंतीला टेकलेली ही पेशी पोकळीच्या दिशेने उंच वाढते आणि तिच्या शाखा शेजारच्या गोल पेशींभोवती पसरतात. शुक्राणूंच्या निर्मितीशी या पेशींचा संबंध असावा, हे त्यांनी ओळखले होते. खरा वाद पुढे झाला. १८७१ मध्ये व्हिक्टर फोन एब्नर यांनी, शुक्राणू या स्तंभाकार पेशींपासूनच उपजतात, असा पक्ष मांडला. तसे असते तर या पेशी आधार देणाऱ्या नव्हे, तर जन्म देणाऱ्या ठरल्या असत्या. सेर्तोली यांनी नंतरच्या लेखनात नलिकेतील पेशींचे दोन गट केले: जागा न सोडणाऱ्या स्थिर पेशी आणि विभाजन पावत पोकळीकडे सरकणाऱ्या जननपेशी. शुक्राणू दुसऱ्या गटातून होतात, हे त्यांचे म्हणणे अखेर मान्य झाले. या पेशींना सेर्तोलींचे नाव पुढे फोन एब्नर यांनीच दिले, हे त्या वादातील उदारपण नोंदवण्याजोगे आहे.

स्थिर पेशी शेजारच्या पेशींशी कशाच्या द्वारे संवाद साधते, हे समजण्यास मात्र शंभरहून अधिक वर्षे लागली. सेर्तोली पेशी प्रथिनरूप वृद्धिघटक स्रवतात. त्यांपैकी जीडीएनएफ हा घटक मुळात चेतापेशींच्या अभ्यासात १९९३ मध्ये सापडला. वृषणातील मूलपेशींच्या पृष्ठभागावर त्याचे ग्राही असतात आणि तो त्यांना मूलपेशी म्हणून टिकून राहण्याचा संदेश देतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, हा घटक कमी पडला तर मूलपेशींचा साठा हळूहळू संपतो आणि तो अतिरिक्त झाला तर अविकसित पेशींचा ढीग साचून शुक्राणूंची निर्मिती अडते, असे दिसून आले. विकासाच्या वाटेला लागलेल्या पेशींना किट-लिगंड हा दुसरा घटक लागतो. त्याचे उत्पादनही सेर्तोली पेशीच करतात. उलट दिशेने, पुटकप्रेरक संप्रेरक (एफएसएच) व टेस्टोस्टेरॉन यांचे संदेश जननपेशींपर्यंत थेट पोहोचत नाहीत. ते सेर्तोली पेशींमार्फत पोहोचतात.

सेर्तोली पेशी असूनही नलिकांत जननपेशीच नसण्याची अवस्था काही वंध्य पुरुषांत आढळते. १९४७ मध्ये अर्जेंटिनातील देल कास्तिय्यो व सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले. ‘केवळ सेर्तोली पेशी’ असेच नाव या विकृतीला पडले आहे.