बहिणाबाई आणि ‘ढ’चा शिक्का

आमच्या मराठी शाळेत माझ्या बाकावरचा एक मुलगा धडा वाचताना अडखळे. आम्ही त्याला ‘ढ’ म्हणत असू. (गुरुजीच म्हणत, मग आमचे काय!) बहिणाबाई चौधरींचे चरित्र वाचले आणि त्या शब्दाची लाज वाटली.

जळगावजवळच्या असोदे गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांना मिळालीच नाही. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी तीन मुले. त्यांतला ओंकार प्लेगच्या दुखण्याने कायमचा अपंग झाला. जात्यावर, शेतात काम करता करता त्या आपल्या घरच्या बोलीत ओव्या रचत. लिहिता येत नव्हते, सारे तोंडी. आम्हा कॉमर्सवाल्यांना रकाने भरायची सवय. पण खानेसुमारीच्या रकान्यात अशी बाई ‘निरक्षर’ एवढीच उरते.

मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी काही गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढे ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. टिपली नसती तर? २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव मिळाले.

बहिणाबाईंना कोणी शिकवलेच नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला शिकवूनही अक्षरे जुळवणे जड जाते, बुद्धी चांगली असली तरी. गोष्टी दोन, पण शिक्का आपण एकच मारतो.

त्या मुलाने सातवीत शाळा सोडली. कापसाच्या क्विंटलांचा हिशेब तो आमच्या आधी तोंडी करी.