सर विल्यम जोन्स : धातूंची मुळे आणि विध्यर्थाची रूपे

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर गार्डन रीच हा भाग पसरलेला आहे. रेल्वेचे मुख्यालय आणि जहाजबांधणीचा कारखाना ह्यांमुळे तो आज ओळखला जातो. परंतु अठराव्या शतकात तेथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या बागबंगल्यांची रांग होती. त्यांपैकी एका बंगल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स राहत असत. सूर्यास्तानंतर ते येथे परतत आणि पहाटे अंधारातच निघून सुमारे पाच मैलांची वाट पायी तुडवीत उजाडता उजाडता शहरातील आपल्या दालनात पोहोचत. पालखीवाचून घराबाहेर न पडणाऱ्या गोऱ्या समाजात हा क्रम थोडा विक्षिप्तच वाटला असावा.

जोन्स यांचा जन्म २८ सप्टेंबर १७४६ रोजी लंडनमध्ये झाला. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी १७०६ मध्ये ‘पाय’ हे चिन्ह वापरणारे वेल्श गणिती विल्यम जोन्स हे त्यांचे वडील. मुलगा तीन वर्षांचा होण्याआधीच ते निवर्तले आणि शिक्षणाचा सारा भार आईने वाहिला. हॅरो येथील शाळेनंतर १७६४ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. अरबीच्या अभ्यासासाठी त्यांनी अलेप्पोच्या एका सिरियन गृहस्थाला आपल्याबरोबर तेथे नेले होते. सुटीच्या दिवसांत मात्र इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज ग्रंथकारांचे वाचन चाले. १७७१ मध्ये त्यांचे फारसी व्याकरण प्रसिद्ध झाले.

त्यांच्या कागदपत्रांत अठ्ठावीस भाषांची एक यादी सापडली. तीत तीन वर्ग आहेत : चिकित्सक अभ्यास केलेल्या आठ भाषा, तितक्या पक्क्या नसलेल्या, पण कोशाच्या आधाराने कळणाऱ्या आठ, आणि जुजबी परिचयाच्या बारा. स्पॅनिश दुसऱ्या वर्गात आहे, बंगाली आणि हिंदीच्या पंक्तीला. वडिलांची वेल्श भाषा तिसऱ्यात. मराठी कोठेच नाही.

कोशाच्या आधाराने स्पॅनिश वाचणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. इच्छा, शंका, विनंती, निषेध यांसाठी त्या भाषेत क्रियापदाचा एक स्वतंत्र अर्थ वापरतात. तो आपल्या विध्यर्थाच्या बराच जवळचा आहे. त्याच्या वर्तमानकाळी रूपांत कित्येक धातूंचे अंगच पालटते. ‘पोदेर’ म्हणजे शकणे. त्याचे ‘पुएदा’ होते, पण आम्ही ह्या कर्त्याबरोबर ‘पोदामोस’. ‘पेन्सार’ म्हणजे विचार करणे. त्याची रूपे ‘पिएन्से’ आणि ‘पेन्सेमोस’. आघात धातूवर असला की स्वर फुटून जोडस्वर होतो, आघात प्रत्ययावर सरकला की मूळ स्वर परततो. ‘दोर्मिर’सारखे धातू आणखी एक पाऊल पुढे जातात : ‘दुएर्मा’, पण ‘दुर्मामोस’; येथे आघात सरकूनही मूळचा ओकार परत येत नाही. कोशात यांपैकी एकही रूप सापडत नाही. वाचकाला आधी मनातल्या मनात ते उलगडून मूळ धातूपर्यंत जावे लागते, मगच कोश उपयोगी पडतो.

न्यायाधीशपदावर नेमणूक होऊन सप्टेंबर १७८३ मध्ये जोन्स कलकत्त्यास आले आणि १५ जानेवारी १७८४ रोजी त्यांनी एशियाटिक सोसायटीची स्थापना केली. संस्कृतकडे ते वळले ते प्रथम काव्यासाठी नव्हे, तर न्यायासाठी. हिंदूंच्या दाव्यांत शास्त्रार्थ सांगणाऱ्या पंडितांवर डोळे मिटून विसंबणे त्यांना मान्य नव्हते. १७८५ च्या उत्तरार्धात नदिया येथील रामलोचन या वैद्य पंडितांकडे त्यांचा अभ्यास सुरू झाला.

धर्मशास्त्राची भाषा ही विधिलिङाची भाषा आहे. ह्या एका लकाराला पाणिनीने विधीपासून प्रार्थनेपर्यंत अनेक अर्थ दिले आहेत. भावांनी आपापल्या वाट्याचा चौथा भाग अविवाहित बहिणींना द्यावा असे मनू सांगतो, तेही ह्याच लकारात. मिताक्षरेने तो खरोखरीचा वाटा मानला. बंगालमध्ये प्रमाण असलेल्या दायभागाने त्याला विवाहाच्या खर्चापुरते आणून ठेवले. अशा वचनातील ‘द्यावा’चे दुभाष्याच्या तोंडी ‘देतात’ किंवा ‘देता येईल’ झाले, तर निकाल बदलू शकत होता. क्रियापदाचा अर्थ हा जोन्स यांच्यापुढे शाळेतला प्रश्न उरला नव्हता. त्यावर एखाद्या बहिणीचे निर्वाहसाधन अवलंबून होते.

२ फेब्रुवारी १७८६ च्या विख्यात व्याख्यानात त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादिले. संस्कृतच्या अध्ययनाला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. पुरावा म्हणून त्यांनी बोट ठेवले ते धातूंच्या मुळांवर आणि व्याकरणाच्या रूपांवर; पण तो पुरावा त्यांनी मांडून दाखवला नाही. संस्कृतात ‘एमि’ आणि ‘इमः’, ‘वेद’ आणि ‘विद्म’ ह्या जोड्यांतही धातूचा स्वर पालटतो, आणि वैदिक स्वरांकन पाहता तो आघाताच्या स्थानाशी निगडित दिसतो. स्पॅनिशमधील पालट लॅटिनच्या उत्तरकाळात स्वतंत्रपणे घडला, म्हणून ही दोहोंमधील सगोत्रता नव्हे, समांतरता होय. हा भेद करण्याचे साधन जोन्स यांच्यापाशी नव्हते. फ्रांझ बॉपने १८१६ मध्ये क्रियापदरूपांची तुलना प्रसिद्ध केली तेव्हा कोठे ते साधन घडू लागले. जोन्स यांचे दोष दाखवताना अभ्यासकांनी ही तीस वर्षे विसरू नयेत. मात्र त्यांनी साम्य पाहिले आणि नियम शोधला नाही, हेही तितकेच खरे. त्यांचा पिंड काव्यरसिकाचा होता. १७८९ मध्ये त्यांचे शाकुंतलाचे भाषांतर निघाले आणि युरोप त्याने भारून गेला.

दायभाग आणि करार यांविषयीचा शास्त्रसंग्रह करण्याची योजना त्यांनी १७८८ मध्ये कॉर्नवॉलिसपुढे ठेवली होती. जगन्नाथ तर्कपंचाननांनी त्याची संस्कृत रचना केली. प्रकृती ढासळल्यामुळे लेडी जोन्स १७९३ च्या अखेरीस मायदेशी परतल्या. पती मात्र भाषांतर पुरे करण्यासाठी मागे राहिले. मनुस्मृतीचे इंग्रजी रूप १७९४ मध्ये छापून झाले. २७ एप्रिल १७९४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, यकृताच्या विकाराने त्यांचा अंत झाला. पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर उंच शिलास्तंभ आहे. शास्त्रसंग्रहाचे भाषांतर पुढे कोलब्रुकने तडीस नेले. विल्यम कॅरी कलकत्त्यात उतरून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. मराठीचे व्याकरण त्याच्या हातून १८०५ मध्ये श्रीरामपुरास छापले गेले.