जॉन वेस्ली ह्यांचे गजराचे घड्याळ

चांगले पुस्तक वाचून सवयी सुधारतात काय, असे रविवारच्या शाळेचे शिक्षक पुष्कळदा विचारतात. अशा वेळी आम्हांस जॉन वेस्ली आठवतात.

त्यांचा जन्म १७०३ साली इंग्लंडातील एपवर्थ येथे एका पाळकाच्या घरी झाला. १७२५ साली ऑक्सफर्ड येथे दीक्षेची तयारी चालू असता बिशप जेरेमी टेलर ह्यांचे पवित्र जीवनाच्या नियमांवरील पुस्तक त्यांच्या हाती पडले. टेलर ह्यांनी प्रथम वेळेच्या वापराविषयीच लिहिले आहे. वेस्लींनी पुस्तक मिटून ठेवले नाही. रोजनिशी सुरू केली, आणि पुढे तर तासातासाचा हिशेब लिहू लागले.

त्यांना रोज रात्री बारा-एकच्या सुमारास जाग येई व मग झोप लागत नसे. शरीराला हवे त्याहून अधिक वेळ आपण अंथरुणात पडतो, असा त्यांनी तर्क केला व गजराचे घड्याळ आणले. पहिल्या दिवशी सातला उठले, तरी रात्री जाग आलीच. मग सहाला, मग पाचला, चौथ्या दिवशी चारला. त्या रात्री झोप मोडली नाही! ही सवय साठ वर्षांहून अधिक टिकली. (आमचा गजर आम्ही बंद करून पुन्हा कूस वळवितो, हे कबूल केलेले बरे.)

अशा नियमाने वागणाऱ्या मित्रमंडळाला लोक थट्टेने मेथडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, म्हणू लागले. बेळगाव, बडोदा, हैदराबाद येथील मेथडिस्ट मंडळ्यांचे नाव त्या थट्टेतूनच आले आहे.

परंतु इतक्या नियमांनी वेस्लींच्या मनाला शांती मिळाली नाही. १७३५ साली ते अमेरिकेत जॉर्जिया येथे सेवेसाठी गेले आणि दोन-अडीच वर्षांत खचून परतले. इतरांस विश्वासाचा उपदेश करणाऱ्या आपणांतच तो नाही, असे त्यांना वाटू लागले. मग २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी, लंडनमधील एका लहान सभेत, ल्यूथर ह्यांची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना कोणी वाचीत असता, ख्रिस्ताने आपलीही पापे हरण केली आहेत अशी त्यांची खात्री झाली. येथेही निमित्त पुस्तकाचेच!

रोजनिशी मात्र त्यांनी सोडली नाही, पहाटेचे उठणेही नाही. पाच वाजता, कामावर जाणाऱ्या मजुरांना सोयीचे व्हावे म्हणून, ते उपदेश करू लागले. प्रवासात घोड्यावर बसून, लगाम सैल सोडून, वाचीत. आपल्या उपदेशकांसाठी त्यांनी निवडक ग्रंथ संक्षिप्त करून ५० खंड छापले. त्यांत टेलरही होते. ज्यांना वाचनाची गोडी नाही त्यांनी ती लावून घ्यावी, नाहीतर आपल्या जुन्या धंद्याकडे परत जावे, असे ते बजावीत. संसारात मात्र त्यांना यश आले नाही. १७५१ साली केलेला विवाह सुखाचा झाला नाही.

जमाखर्चाची वहीही ते आयुष्यभर लिहीत आले. जुलै १७९० मध्ये हात इतका कापू लागला की अक्षर लागेना. तेव्हा, शक्य तितके वाचविले आणि शक्य तितके देऊन टाकले, एवढे समाधान नोंदवून त्यांनी ती वही बंद केली. २ मार्च १७९१ रोजी लंडन येथे ते प्रभूकडे गेले.