खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, ता. कराड, जि. सातारा, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिक स्पर्धेत फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात (५७ किलो) त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती. परंतु तो काळ पारतंत्र्याचा होता आणि प्रिचर्ड ब्रिटिश वंशाचे होते. खाशाबांनंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी देशाला ४४ वर्षे वाट पाहावी लागली. लाल मातीत घडलेला मल्ल गादीवरच्या कुस्तीतही, म्हणजे मॅटवर, जगातील निवडक मल्लांच्या पंक्तीत बसू शकतो, हे त्यांनी प्रथम सिद्ध केले.

बालपण व शिक्षण

कराडजवळील गोळेश्वर हे खाशाबांचे जन्मगाव. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील दादासाहेब जाधव हे स्वतः मल्ल होते. घरातच कुस्तीचे वातावरण असल्याने खाशाबांना वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांकडून कुस्तीचे धडे मिळाले. त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या छोडो भारत आंदोलनात सातारा जिल्हा अग्रभागी होता. त्या काळात शाळकरी वयाच्या खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे अशी कामे केली.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर ही त्या काळी कुस्तीची राजधानीच होती. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला होता आणि खासबाग मैदान बांधून कुस्तीला हक्काचे व्यासपीठ मिळवून दिले होते. पेठापेठांतील तालमी, तेथील वस्ताद आणि जाणकार प्रेक्षक यांची परंपरा महाराजांच्या निधनानंतरही टिकून होती. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले.

कुस्तीची शैली

खाशाबा उंचीने कमी आणि अंगाने सडपातळ होते. भारदस्त देहाच्या पहिलवानांना मान असलेल्या त्या काळात हा बांधा मल्लाचा मानला जात नसे. या उणिवेची भरपाई त्यांनी चपळाईने केली. पायांची वेगवान हालचाल, प्रतिस्पर्ध्याचा तोल नेमका हेरणे आणि क्षणार्धात डाव टाकणे ही त्यांच्या कुस्तीची वैशिष्ट्ये होती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान व हात पकडीत घेऊन त्याला आपल्या अंगावरून फेकणारा हा डाव बळापेक्षा वेळ साधण्यावर अवलंबून असतो. लहान चणीच्या या मल्लाला पुढे पॉकेट डायनॅमो असे टोपणनाव मिळाले.

त्यांच्या यशाचे महत्त्व कळण्यासाठी मातीवरची आणि गादीवरची कुस्ती यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. जत्रेतील मैदानात कुस्ती निकाली होईपर्यंत चालत असे. तेथे गुणांचा हिशेब नसे आणि पाठ मातीला लागली की निकाल लागे. त्यामुळे दम राखून, प्रतिस्पर्ध्याला थकवून लढणे मल्लांच्या अंगवळणी पडलेले असे. ऑलिंपिकमधील लढतीला मात्र वेळेची मर्यादा असते आणि प्रत्येक यशस्वी पकडीचा विचार निकालात होतो. मान आणि पाय टेकवून पाठ गादीपासून उचलून धरण्याचे कौशल्य तेथे बचावाचे मुख्य साधन ठरते. शिवाय मऊ माती पायाला जशी धरून ठेवते, तशी गादी ठेवत नाही. तेथे पावलांची ठेवणच बदलावी लागते. सरावासाठी गादीच दुर्मीळ असलेल्या काळात खाशाबांना हे सारे नव्याने आत्मसात करावे लागले.

लंडन ऑलिंपिक, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी भारतीय संघात खाशाबांची निवड झाली. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी भारतीय मल्लांना मार्गदर्शन केले. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढण्याचा खाशाबांना हा पहिलाच मोठा अनुभव होता. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचे बिली जर्निगन यांना हरवले. मात्र इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून त्यांना पराभव पत्करावा लागला. या गटात ते सहाव्या क्रमांकावर राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी पुढील चार वर्षे कसून सराव केला आणि वजनाने वरच्या, बँटमवेट गटात उतरण्याची तयारी केली.

हेलसिंकीची वाट

१९५२ च्या संघनिवडीत खाशाबांना प्रथम डावलले गेले. चाचणी लढतीत एका गुणाने झालेला पराभव त्यांना अन्याय्य वाटला, म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली, ती जिंकून त्यांनी संघातील स्थान मिळवले.

निवड झाली तरी पैशांचा प्रश्न उभा राहिला. परदेशवारीचा खर्च खेळाडूंनाच उभा करावा लागत असे आणि शासकीय मदत तुटपुंजी होती. गोळेश्वर व परिसरातील ग्रामस्थांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी एका शिक्षकाने पत्करलेली ही जोखीम भारतीय क्रीडा इतिहासात विशेष उल्लेखनीय मानली जाते. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक असे लोकांच्या वर्गणीतून आणि गहाण घराच्या रकमेतून शक्य झाले.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत आजच्यासारखी बाद पद्धत नव्हती. लढतीच्या निकालानुसार मल्लाच्या खाती दंडगुण जमा होत आणि ठरावीक मर्यादा गाठल्यावर तो स्पर्धेबाहेर जाई. चितपट विजय मिळवणाऱ्याला दंडगुण लागत नसे. साहजिकच, चितपट करण्याची क्षमता असलेल्या मल्लाला या पद्धतीचा फायदा होत असे.

खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन आणि मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो यांना चितपट केले. जर्मनीच्या मल्लावरही त्यांनी विजय मिळवला. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव यांच्याकडून मात्र ते पराभूत झाले. एका दीर्घ लढतीनंतर ममदबेयोव यांच्याशी लढण्यापूर्वी त्यांना नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती. परंतु त्यांची बाजू मांडण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता आणि थकलेल्या अवस्थेत त्यांना गादीवर उतरावे लागले, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. इशी यांना सुवर्ण, ममदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य असा अंतिम क्रम लागला. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांचे पदक निश्चित झाले. याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळवला.

त्याच ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सलग पाचवे सुवर्णपदक जिंकले. देशाचे लक्ष हॉकीकडे लागलेले असल्याने कुस्तीतील कांस्यपदकाला राष्ट्रीय पातळीवर फारसे महत्त्व मिळाले नाही. सातारा जिल्ह्याने मात्र आपल्या मल्लाचे भव्य स्वागत केले. कराड ते गोळेश्वर या मार्गावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यांतून मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकर यांचे घर सोडवून दिले.

पोलीस सेवा व अखेरचा काळ

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. दलांतर्गत स्पर्धांत त्यांनी यश मिळवले आणि क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उतरण्याचे त्यांचे स्वप्न अपुरे राहिले. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योत दौडीत त्यांना सहभागाचा मान मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

भारतीय कुस्तीवरील प्रभाव

खाशाबांचा प्रभाव तत्काळ दिसला नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या कर्तृत्वात नसून त्यांच्या पश्चात काय घडले यात शोधावे लागते. या संदर्भात हेलसिंकीच्या सुवर्णविजेत्याच्या देशाशी तुलना उद्बोधक ठरते. इशी यांचे सुवर्णपदक हे त्या स्पर्धेतील जपानचे एकमेव सुवर्ण होते. जपानने त्यानंतर कुस्तीची पद्धतशीर बांधणी केली आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळात पाच सुवर्णपदके जिंकली. भारतात मात्र खाशाबांच्या अनुभवाचा उपयोग करून घेणारी राष्ट्रीय प्रशिक्षण योजना त्या काळात उभी राहिली नाही. मल्लांची उपजीविका जत्रांतील इनामांवर चालत असल्याने तालमींतून मातीवरची कुस्तीच प्रमुख राहिली. लिअँडर पेस यांनी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये टेनिसचे कांस्यपदक मिळवले, ते खाशाबांनंतरचे पहिले वैयक्तिक पदक. कुस्तीतील पुढचे पदक सुशील कुमार यांनी २००८ मध्ये बीजिंग येथे, म्हणजे ५६ वर्षांनी मिळवले.

तरीही खाशाबांनी दाखवलेला मार्ग कालांतराने मुख्य प्रवाह बनला. चपळाई, तोल आणि वेळ साधण्यावर भर देणारी, हलक्या वजनाच्या मल्लाला संधी देणारी कुस्ती हीच भारताची आंतरराष्ट्रीय ओळख ठरली. खाशाबा ज्या ५७ किलो वजनात लढले, त्याच वजनाच्या फ्रीस्टाइल गटात रवी दहिया यांनी टोकियोत रौप्य आणि अमन सेहरावत यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात व दोन्हींचे विजेते किताबासाठी परस्परांशी लढतात. ज्या बदलाशी खाशाबांना एकट्याने जुळवून घ्यावे लागले, त्याला राज्याच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत असे अधिकृत स्थान मिळाले आहे. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मात्र ७२ वर्षांनी, तेही नेमबाजीत मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे हे त्याचे मानकरी ठरले.

गौरव व स्मृती

खाशाबांच्या वाट्याला आलेले बहुतेक सन्मान मरणोत्तर आहेत. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. पण खाशाबांना तो त्यांच्या मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर जाहीर झाला. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कारही त्यांना मरणोत्तर देण्यात आला. हयातीत त्यांना एकही पद्म पुरस्कार मिळाला नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.

गोळेश्वर येथील त्यांचे घर ऑलिंपिक निवास या नावाने ओळखले जाते. त्यांच्या नावाने गावात कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा झाली होती. ते काम दीर्घकाळ रखडल्याने २०१७ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी ऑलिंपिक पदकाचा लिलाव करण्याचा विचार जाहीर केला आणि या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले. महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला असून २०२४ पासून तो पाळला जातो.