मायर प्रिन्स्टाइन

लांब उडी आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तिहेरी उडी त्याहून अवघड. तींत खेळाडू धांवत येऊन ज्या पायावर उडतो त्याच पायावर उतरतो, मग दुसऱ्या पायावर ढांग टाकतो, आणि अखेर झेप घेऊन वाळूंत पडतो. ह्या प्रकारांत दोनदां ऑलिंपिक विजय मिळविणारे मायर प्रिन्स्टाइन ह्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म १८७८ सालीं रशियाच्या अमलाखालील पोलंडांत एका यहुदी कुटुंबांत झाला. ते लहान असतांनाच हें कुटुंब अमेरिकेंत येऊन न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज शहरीं राहिलें. त्या शहरीं मेथडिस्ट मंडळीनें स्थापिलेलें विद्यापीठ आहे. तेथें मायर कायद्याचा अभ्यास करूं लागले. १९०० च्या एप्रिलांत फिलाडेल्फिया येथें २४ फूट ७¼ इंच लांब उडी मारून त्यांनीं जगाचा विक्रम केला.

त्याच वर्षीं जुलैमध्यें पॅरिस येथें ऑलिंपिक सामने भरले. शनिवार, ता. १४ रोजीं लांब उडीच्या प्राथमिक फेरींत ७ मीटर १७½ सेंटिमीटर उडी मारून प्रिन्स्टाइन सर्वांच्या पुढें होते. अंतिम फेरी मात्र रविवारीं ठरली. प्रभूच्या दिवशीं आपल्या खेळाडूनें मैदानांत उतरूं नये, असा विद्यापीठाचा सक्त हुकूम होता. वस्तुतः त्यांच्या वाडवडिलांचा शब्बाथ शनिवार, आणि त्या दिवशीं तर ते उडी मारून चुकले होते! दुसऱ्यांच्या शब्बाथासाठीं त्यांस स्वस्थ बसावें लागलें. रविवार पाळणें आम्हांसहि प्रिय आहे. तरी ज्याचा तो सण नव्हे त्याजवर असें ओझें लादणें न्याय्य होतें असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांनीं हुकूम मोडला नाहीं, एवढें खरें.

त्यांचे देशबांधव आल्विन क्रेन्झ्लाइन हे मात्र रविवारीं उतरले आणि एका सेंटिमीटरनें पुढें गेले. प्राथमिक फेरींतील उडी धरली जात असल्यामुळें प्रिन्स्टाइन ह्यांस दुसरा क्रमांक मिळाला. रविवारीं कोणीं उतरूं नये असें खेळाडूंचें आपसांत ठरलें होतें, असें म्हणतात. प्रिन्स्टाइन ह्यांनीं संतापून क्रेन्झ्लाइन ह्यांस ठोसा दिल्याचेंहि कांहीं वृत्तांतांत आढळतें. तसें घडलें असल्यास आम्ही त्याचें समर्थन करीत नाहीं. पण त्या तरुणाचें दुःख समजूं शकतों.

सोमवारीं तिहेरी उडी होती. प्रतिस्पर्धी जेम्स कॉनोली हे १८९६ च्या अथेन्स येथील सामन्यांचे विजेते. ते १३ मीटर ९७ सेंटिमीटरवर राहिले. प्रिन्स्टाइन १४ मीटर ४७ सेंटिमीटर गेले. अर्ध्या मीटरचें अंतर!

पुढें १९०४ सालीं सेंट लुई येथें त्यांनीं लांब उडी व तिहेरी उडी हे दोन्ही सामने एकाच दिवशीं जिंकले. तेथें स्पर्धक बहुतेक अमेरिकनच होते, हें खरें; तथापि लांब उडींतील त्यांची ७ मीटर ३४ सेंटिमीटरची झेप पॅरिसच्या दोन्ही उड्यांहून मोठी होती. १९०६ सालीं अथेन्सला भरलेल्या सामन्यांतहि लांब उडी त्यांनींच जिंकली. पण त्या सामन्यांची गणना आतां अधिकृत ऑलिंपिकांत होत नाहीं.

नंतर त्यांनीं न्यूयॉर्क येथें वकिली केली. १९२५ च्या मार्चमध्यें, वयाच्या ४६ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.